आईला रडवायचं नाही

भाईंदर पश्चिम,
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय आयरिन,

माशांच्या पिशवीतून पत्र निघालेलं बघून तू आधी हसली असशील आणि मग घाबरली असशील. घाबरू नकोस. मी जिवंत आहे आणि माझं अक्षर अजूनही तुझ्यापेक्षा बरं आहे. इतकी वर्षं शाळेत पोरांना पत्राचा मायना शिकवला, पण आज मायन्याला वेळ नाही. इशिता आंघोळीला गेलीय आणि तुमच्या उत्तनची मासळीवाली फिलोमिना दाराशी बसून बोंबील साफ करतेय. तेवढ्यात लिहून तिच्या टोपलीत टाकायचंय.

फोनवर का बोलत नाही? कारण आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो. इशिता आता घरूनच काम करते. कुणाचाही फोन आला की आधी ती उचलते, स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणते, "आईला रडवायचं नाही हं," आणि मग फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवते. तुलाही तिनं सांगितलंच असणार. नाहीतर तू चार महिने माझ्याशी पापलेटच्या भावावर आणि आपल्या हेडबाईंच्या फजितीवर बोलली असतीस का? मीही हसते. समोरून इशिता बघत असते, आई नीट हसतेय ना ते.

झालं असं की जूनमध्ये माझ्या फुफ्फुसातल्या गाठीसाठी ते नवं औषध सुरू झालं, सलाईनमधून देतात ते. डॉक्टर म्हणाले, हे औषध गाठीला स्वतः मारत नाही. आपल्याच अंगातली प्रतिकारशक्ती जागी करतं आणि मग ती गाठीच्या मागे लागते. बोलता बोलता हेही म्हणाले की ज्यांचं मन फार खचलेलं असतं त्यांना हे औषध कमी लागू पडतं, असं काही ठिकाणी दिसायला लागलंय. पक्कं नाही अजून. इशितानं नेमकं तेवढंच धरून ठेवलं. 'पक्कं नाही' हे तिच्या कानात शिरलंच नाही.

त्याच संध्याकाळी अभिनवचा फोटो भिंतीवरून उतरला. त्याचे कपडे, बूट, हेल्मेट, सगळं माळ्यावर गेलं. घोडबंदर रोडला त्याची बाईक घसरली त्याला तेव्हा चार महिने होत होते, आयरिन. चौतीस वर्षांचा माझा मुलगा, आणि आता घरात त्याचं नाव काढायचं नाही. माझ्या तोंडून चुकून "अभी असता तर" निघालं की इशिता टीव्हीवर काहीतरी विनोदी लावते. सख्खी बहीण आहे ती. तेराव्यानंतर तिच्या डोळ्यांत मी टिपूस पाहिलं नाही. तिचा राग येतो, आणि रागानंही औषध वाया जाईल म्हणून रागवायचीही चोरी.

मला एकदा मोठ्यानं रडायचंय. बाकी काही नको. कुठे जाऊन रडू, तेवढं सांग.

तुझी,
मनू

---

उत्तन,
१३ ऑक्टोबर २०२४

मनू,

अक्षराचा माज अजून गेला नाही तुझा, म्हणजे तब्येत ठीक आहे असं मी धरून चालते.

तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. हो, इशितानं मला सांगितलं होतं. "मावशी, आईला फक्त हसव, औषध लागू पडेल," असं म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की मी हो म्हणून बसले. आजही मला भीती वाटतेच. मी पोरांना भूगोल शिकवलेली बाई. उद्या मी तुला रडवलं आणि ते औषध खरंच लागू पडलं नाही तर? पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि वाटलं, ही बाई आत्ताही रडतेच आहे. फक्त आवाज बंद केलाय.

लुईस गेला आणि मी विधवा झाले तेव्हा तू होतीस. आठवडाभर बायका येत होत्या आणि माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. फिलोमिनाची आई तर मला हलवून हलवून सांगायची, "रड गो बाय, आत ठेवू न्हाय." तेव्हा मला त्यांचा वैताग आला होता. पण त्यांच्यामुळेच मी पुढच्या महिन्यात उठून शाळेत आले.

तर ऐक. दोन नोव्हेंबरला आमच्यात गेलेल्या माणसांचा दिवस असतो. कबरी साफ करून फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो, फादर गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतात. मी अभिनवचं नाव देणार आहे. फादरना विचारलं, मुलगा ख्रिस्ती नाही, चालेल का? ते म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव आहे ना? लिहून द्या."

त्या दिवशी तुमचा पाडवा आहे हे मला माहीत आहे. तुमचं वर्ष झालं नाही, सण नसेलच. मी फोन करून मोठ्यानं आमंत्रण देते: समुद्राची हवा, तळलेली कोळंबी, दोन म्हाताऱ्यांची बडबड. इशिता नाही म्हणणार नाही. तिच्या लेखी मीही एक विनोदी कार्यक्रमच आहे. आमचा पुतण्या गेविन गाडी घेऊन येईल.

आयरिन

---

भाईंदर पश्चिम,
२४ ऑक्टोबर २०२४

प्रिय आयरिन,

काय नाटक केलंस गं फोनवर! "मनू, कोळंबी वाट बघतेय!" इशिता इतकी खूश झाली की तिनं माझी साडीसुद्धा काढून ठेवलीय. मोरपंखी. स्मशानात मोरपंखी नेसून यायचं आता.

सोमवारी स्कॅनचा रिपोर्ट आला. इशिता एकटीच आणायला गेली होती. दारातूनच ओरडली, "आई, गाठी कमी झाल्यात!" श्रीखंड आणलं, मला भरवलं, रात्री पाय दाबून दिले. तेव्हा गाठी कमी झाल्यात म्हणे. चांगलंच आहे.

पण काल तिनं खिडकीत कंदील लावला. आयरिन, वर्ष व्हायचंय अजून! समोरची मिनल कंदिलाकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि दार लावून घेते. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. इशिताला म्हटलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोकांना गाठी नाहीत आई. प्रकाशानं बरं वाटतं."

गेविनला गाडी हळू चालवायला सांग. हल्ली मला वेगाची भीती वाटते.

मनू

---

भाईंदर पश्चिम,
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय आयरिन,

तीन दिवस झाले तरी घसा बसलेला आहे. इशिताला सांगितलं, कोळंबी तिखट होती.

मी तुझे आभार मानणार नाही, शोभणार नाही. पण एक सांगते. फादरनी माईकवर नावं वाचायला घेतली, ग्रेशस, बस्त्याव, रोझमेरी, आणि मला वाटलं, हे आपलं नाही, इथे आपलं काय आहे? आणि मग आलं, "अभिनव हरिश्चंद्र राऊळ." पूर्ण नाव, त्याच्या बाबांच्या नावासकट. किती महिन्यांनी ऐकलं मी ते कुणाच्या तोंडून! पुढचं मला आठवत नाही. कुणी एक बाई, ओळख ना पाळख, तिनं माझं डोकं छातीशी धरलं होतं एवढं आठवतं. तिनं एकदाही "गप्प राहा" म्हटलं नाही.

रात्री झोप लागली. गोळी न घेता. इशिता सकाळी म्हणते, "बघ, समुद्राची हवा कशी लागली!"

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. अभी गेल्यानंतरची पहिली. मी दिवसभर वाट बघितली, ही पोरगी एक शब्द बोलेल म्हणून. नाही. नेहमीसारखी हसत होती. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेली ती कितीतरी वेळ वरच. फोनवर गप्पा मारत असेल. खाली आली आणि विचारते, "आई, पिझ्झा मागवू?" आयरिन, माझ्या पोटची मुलगी इतकी कोरडी कशी निघाली? अभीनं तिला खांद्यावर बसवून गणपती दाखवलेत. ती मोठी, पण बुटकी म्हणून.

तिला विसरता येत असेल तर तेही एक सुखच म्हणायचं.

मनू

---

भाईंदर पश्चिम,
१० डिसेंबर २०२४

आयरिन मावशी,

हे पत्र फिलोमिनाच्याच हाती पाठवतेय. तुमची टपालाची सोय मला काल समजली. लिफ्टमध्ये ती मला म्हणाली, "टीचर त्या दिवशी पोट भरून रडल्या, बरा झाला." मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय.

तुम्ही माझ्या आईला पाडव्याच्या दिवशी कबरस्तानात नेलंत. मी तिला तुमच्याकडे हसायला पाठवलं होतं.

परवाच्या स्कॅनमध्ये गाठी खूप वाढल्यात. लिव्हरमध्येही आहेत. डॉक्टर म्हणाले हे औषध आता बंद करायचं, उपयोग होत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही. सहा महिने मी या घरात वाईट बातमीची माशीसुद्धा येऊ दिली नाही. माझं स्वतःचं जे काही होतं ते मी बाहेर खाडीवर जेट्टीला बसून उरकत होते आणि तोंड धुऊन घरी येत होते. आणि तुम्ही एका दिवसात सगळं धुळीला मिळवलंत. डॉक्टर स्वतः म्हणाले होते की मन खचलं तर औषध चालत नाही. हे तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही केलंत.

आता कृपा करून भेटायला येऊ नका. पत्र नको, फोन नको. ती विचारेल, मी बघून घेईन.

इशिता

---

उत्तन,
१३ डिसेंबर २०२४

इशिता,

तू मला 'तुम्ही' म्हणालीस तेव्हाच समजले किती रागावली आहेस.

तुझं पत्र वाचलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तू म्हणतेस तसं वागेन. येणार नाही, लिहिणार नाही. फिलोमिनालाही सांगितलंय.

तिला नारळपाणी आवडतं, पण फ्रीजमधलं नको. खोकला होतो.

आयरिन

---

भाईंदर पश्चिम,
११ जानेवारी २०२५

आयरिन,

पेन्सिलीनं लिहितेय, पेन जड लागतं. आता माझ्या अक्षराला नावं ठेवायला तुला मोकळीक आहे.

तू येत नाहीस. फोनही नाही. इशिता म्हणते तुला ताप आहे, मग म्हणाली गुडघा दुखतो. फिलोमिनाला विचारलं तर ती मान खाली घालून बोंबलांकडे बघते. हे पत्रही ती घेतच नव्हती, मी जबरदस्तीनं तिच्या कमरेला खोचलं.

कधी कधी वाटतं, तू घाबरलीस. मी आता दिसायला वाईट झालेय हे खरं. मलाही आरसा नको वाटतो. पण तू लुईसला शेवटपर्यंत बघितलंस, तू अशी घाबरणारी नाहीस. मग मी काही बोलले का त्या दिवशी? तुझ्यावर फार ओझं टाकलं का?

एकदा ये. हसवायला नको, रडवायला नको. नुसती बस.

मनू

---

भाईंदर पश्चिम,
२३ फेब्रुवारी २०२५

आयरिन मावशी,

आई गेली तेव्हा तू दाराबाहेर जिन्यात उभी होतीस, मी पाहिलं. आत ये म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्याला आता चार आठवडे होतील. मधे अभीचं वर्षश्राद्धही झालं. दोघांचं मी एकटीनंच केलं.

तुला खरं सांगायचंय. ऑक्टोबरचा रिपोर्ट चांगला नव्हता. गाठी तेव्हाच वाढल्या होत्या. "आणखी थोडं चालू ठेवून बघू," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मी घरी येऊन आईला सांगितलं की कमी झाल्या. मी तुला ते पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं की दोन नोव्हेंबरचा आणि त्याचा काही संबंध नाही. तरी लिहिलं. ते सगळं मला एकटीला धरवत नव्हतं, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचं होतं.

आणखी एक आहे, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. जूनमध्ये पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात अलीकडे काही दुःख झालंय का? झोप लागते का यांना?" आईला विचारलं होतं. उत्तर मी दिलं, आपल्याकडे पेशंटच्या वतीनं नातेवाईकच बोलतात तसं. मी म्हटलं, "नाही डॉक्टर, सगळं छान आहे." मला भीती वाटली की अभीचं सांगितलं तर ते म्हणतील, मग यांना हे औषध चालायचं नाही, आणि देणारच नाहीत. आई शेजारीच बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसली.

आई गेल्यावर मी त्यांना जाऊन भेटले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, औषध तर दिलंच असतं. पण तेव्हा कळलं असतं तर आमच्याकडे मनाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे आईंना पाठवलं असतं. मी विचारलं, मग आई वाचली असती का? ते म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही. अभ्यासात जे दिसतं ती अनेक माणसांची सरासरी असते. एका माणसाबद्दल त्यातून काही कळत नाही." माझ्यासाठी तर ती एकच होती ना गं.

माझ्यामुळे आई गेली का, मावशी? तू मला उगीच बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

आणि दुसरं. आईला असं वाटत होतं का की मी अभीला विसरले? शेवटी शेवटी ती माझ्याकडे अशी बघायची की मला ते आता सोसत नाही. भाऊबीजेला मी कपडे काढायला म्हणून गच्चीवर गेले होते. ओढणीखाली ताम्हन होतं. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात ना. मिठागरांच्या वर इतकीशी कोर होती. निरांजन वाऱ्यानं विझत होतं आणि मी पुन्हा पुन्हा लावत होते. खाली आल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवावं असं इतकं वाटलं, पण मी तिला पिझ्झा मागवू का म्हणून विचारलं.

इशिता

---

उत्तन,
१ मार्च २०२५

इशिता,

'मी तुला माफ केलं' असं लिहायला बसले होते. लिहिता आलं नाही. जानेवारीत मनूनं मला पेन्सिलीनं पत्र लिहून बोलावलं आणि मी गेले नाही. मी घाबरले असं समजून ती गेली. हे मला मरेपर्यंत पुरणार आहे आणि त्यात तुझा हात आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला खरं वाटेल.

तुझ्यामुळे ती गेली का? मला माहीत नाही. जूनमध्ये डॉक्टरांसमोर तू खरं बोलली असतीस तर कुणीतरी तिचं ऐकून घेतलं असतं. तिला झोप लागली असती. औषध कदाचित थोडं जास्त चाललं असतं, कदाचित काहीच फरक पडला नसता. तो फार वाईट आजार होता, बाळा. एवढंच मला प्रामाणिकपणे लिहिता येतं.

आता तुला न सांगितलेलं. दोन नोव्हेंबरला रडून झाल्यावर मनू लुईसच्या कबरीच्या कडेला बसली. मी थर्मासमधला चहा दिला. ती म्हणाली, "आयरिन, गाठी कमी नाही झाल्या. वाढल्यात." मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाली, "जिना चढताना मलाच कळतं. आणि रिपोर्ट चांगला असता तर इशिता नेहमीसारखी माझ्याशी भांडली असती. तिनं माझे पाय दाबले, तेव्हाच समजले." मी म्हटलं, मग तिला सांग की तुला कळलंय. तर म्हणाली, "नको. ती माझ्यासाठी एवढा खटाटोप करतेय. मला कळलंय हे तिला समजलं तर ती मोडून पडेल. माझं एक मूल गेलं. दुसरं हसतंय तोवर हसू दे." आणि माझ्याकडून वचन घेतलं.

म्हणून तुझं ते पत्र आलं तेव्हा मी गप्प बसले. मला सगळं माहीत होतं. स्वतःची बाजू मांडायची तर तिचं वचन मोडावं लागत होतं. आज वाटतं, मोडायला हवं होतं. भाईंदरला येऊन तुमच्या टेबलावरचा तो फोन उचलून फेकायला हवा होता आणि दोघींना समोरासमोर बसवायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मी शब्द पाळत बसले.

तुझा दुसरा प्रश्न. त्याचं खोटं उत्तर मला सुचलं होतं, आणि ते लिहिणं सोपं होतं. पण तुमच्या घरात आपण सगळ्यांनी मिळून खोटं फार बोललो. म्हणून लिहिते. हो, तिला तसं वाटत होतं. तुला विसरता येतं, असं तिनं मला लिहिलं होतं. तिला वाईट वाटत होतं आणि तरीही तुला सुख मिळतंय म्हणून ती ते सोसत होती. गच्चीवरचं मला तुझ्या पत्रातून कळलं. मला आधी कळलं असतं तर मी रांगत येऊन तिला सांगितलं असतं.

आता तिला सांगता येणार नाही. मला सांग. अभिनवचं जे जे तुला आईजवळ बोलायचं होतं ते सगळं घेऊन रविवारी माझ्याकडे ये. मी रागावलेलीच असेन. तरी ये.

आयरिन मावशी